कापलेले बावीस सेकंद

ताईने एकेचाळिसाव्या वर्षी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं, तेव्हा घरात कोणीच विरोध केला नाही. सगळे नुसते हसले, आणि तेच तिला जास्त लागलं. वीज कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर तिची सोळा वर्षं गेली होती. कार्यालयाची सूचना लोकांना कळत नाही आणि लोकांची तक्रार कार्यालयाला कळत नाही, हे रोज बघून तिला वाटायचं की, म्हणणं पोचवायचं कसं ते एकदा नीट शिकून घ्यावं. म्हणून तिने संज्ञापन आणि डिजिटल माध्यमं हा विषय घेतला. "आमच्याकडे आता मोबाईलची डॉक्टरीण तयार होतेय," असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. वर्गातली मुलं तिच्या लेकीपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी. ती तिला आदराने ताई म्हणायची, पण आपल्या गटात घ्यायची वेळ आली की इकडेतिकडे बघायची.

दुसऱ्या सत्रात सरांनी प्रकल्प दिला. नव्वद सेकंदांचा व्हिडिओ करून समाजमाध्यमावर टाकायचा. तो किती जणांपर्यंत पोचतो, त्यावर निम्मे गुण. ताईने वीज मीटर कसा वाचावा यावर व्हिडिओ केला. अडतीस जणांनी बघितला, त्यातले निम्मे नात्यातले. वर्गात तिची मान खाली गेली ती गेलीच. महिना संपेपर्यंत व्हिडिओ बदलून द्यायची मुभा मात्र होती.

त्याच आठवड्यात ती सार्वजनिक वाचनालयात अभ्यासाला बसली होती. खिडकीजवळ एक आजोबा वर्तमानपत्रावर डोकं ठेवून झोपले होते. ग्रंथपाल बाई आल्या, त्यांनी आजोबांचा खांदा गदागदा हलवला, डोक्याखालचं वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "उठा. ही झोपायची जागा नाही." ताईचा मोबाईल तोवर चालू झाला होता. पुढे बाईंनी आजोबांच्या खिशातली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला पुढे केला, ती गिळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि वर्तमानपत्र घडी घालून परत दिलं. तेही सगळं मोबाईलमध्ये आलं.

घरी आल्यावर ताईने शेवटचे बावीस सेकंद दोनदा बघितले. ते ठेवले तर सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. तिने ते कापले आणि वर लिहिलं, 'म्हातारपणाला इथे जागा नाही.'

तीन दिवसांत नऊ लाख लोकांनी तो बघितला. सरांनी वर्गातल्या भिंतीवर मोठा करून दाखवला. नवऱ्याने स्वतःच्या ऑफिसात फिरवला. ज्या मुलांनी तिला गटात घेतलं नव्हतं, ती तिच्या बाकाभोवती जमली. खालच्या प्रतिक्रियांमध्ये लोक ग्रंथपाल बाईंना काय काय म्हणत होते, ते ताईने एकदा वाचलं आणि पुन्हा तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

आठव्या दिवशी तक्रार खिडकीसमोर तेच आजोबा येऊन उभे राहिले.

"व्हिडिओवर तुमचं नाव होतं आणि वाचनालयाच्या नोंदवहीत तुमचं कार्यालय लिहिलंय, म्हणून आलो," ते म्हणाले. "मला तिथे सगळे कानामात्रा काका म्हणतात. पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. मला फिट येते. चारची गोळी चुकली की काही खरं नसतं. सूनबाईने बाईंना सांगून ठेवलंय, गोड बोलून उठत नाहीत, ओरडा. त्या रोज ओरडतात."

काका खिडकीशी आणखी वाकले.

"बाईंवर चौकशी बसलीय. त्यांच्या दारावर कोणी तरी घाण शब्द लिहून गेलं. लेक शाळेत जाईना." काका थांबले. "तुम्हाला माहीत नसणार, नाही का? तुम्ही आधीच निघून गेला असाल."

हो म्हणणं किती सोपं होतं. शब्द ओठांवर आलाही होता.

"नाही," ताई म्हणाली. "गोळी देताना मी बघितलं. माझ्याकडे आहे ते. मीच कापलं."

काका शांतपणे म्हणाले, "चुकलेलं अक्षर मला लांबून दिसायचं. गाळलेलं वाक्य मात्र भल्याभल्यांना दिसत नाही, कारण उरलेलं सगळं बरोबरच असतं. तुमच्या व्हिडिओत एक अक्षर खोटं नाही, म्हणून तर तो लोकांना पटला."

"नव्वद सेकंदांत काही तरी गाळावंच लागतं, काका."

"लागतंच की. पण कशाने दुसऱ्याचं घर मोडतं, एवढं बघून गाळावं. तुम्ही अर्धी तक्रार लिहून वायरमनला खांबावर चढवता का?"

ताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. त्याच दुपारी तिने पूर्ण व्हिडिओ टाकला, आणि सुरुवातीला स्वतःचा चेहरा दाखवून सांगितलं, 'हे मी जाणूनबुजून कापलं होतं.' मूळ चित्रण घेऊन ती चौकशी अधिकाऱ्यांसमोर गेली. मग सरांकडे गेली.

"माझा प्रकल्प बाद करा."

"पण पोच तर खरी आहे ना?" सर म्हणाले. "सर्वाधिक गुण आहेत तुमचे."

"पोच मोजलीत सर. काय पोचलं ते कोणी मोजलं?"

प्रकल्प बाद झाला, सत्र पुन्हा करावं लागलं, पदवी सहा महिने पुढे गेली. घरी नवरा चिडला, "सगळ्यांसमोर स्वतःचं नाक कापून घ्यायची काय गरज होती?" ताई म्हणाली, "दुसऱ्याचं कापलं तेव्हा तुम्हीच तो ऑफिसात फिरवलात."

पूर्ण व्हिडिओ चार हजार लोकांनी बघितला. जुना तिने काढून टाकला, पण त्याच्या शेकडो प्रती इतरांकडून फिरतच राहिल्या. एकदा कानफाट्या नाव पडलं की ते पुसायला कोण बसतंय?

बाई कामावर परत रुजू झाल्या. ताई माफी मागायला त्यांच्या घरी गेली. बाईंनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"तुम्ही खरं सांगितलंत, त्याने माझी नोकरी वाचली," त्या म्हणाल्या. "पण माझ्या मुलीच्या वर्गात चाळीस मुलं आहेत. पहिला सगळ्यांनी बघितला. दुसरा किती जणांनी बघितला, सांगता?"

दार हळूच लागलं.

वाचकहो, ताईला माफी मिळाली नाही, आणि ती मागायला ती पुन्हा गेलीही नाही. माफ न करणं हा बाईंचा हक्क आहे, हे तिला उमगलं होतं. पण ते नऊ लाख लोक कोण होते? तुमच्या-आमच्यातलेच ना? ताईने बावीस सेकंद कापले, आणि आपण क्षणभरही न थांबता ते पुढे ढकलले. हातात मोबाईल असलेला प्रत्येक माणूस आज बातमीदार आहे, तेव्हा बातमीदाराची जबाबदारीही प्रत्येकाची आहे. कोणाचा राग येईल असं काही समोर आलं, तर आधी एवढंच विचारा, याच्या पुढे काय झालं? उत्तर मिळेपर्यंत बोट आवरा. कारण अर्धं सत्य मागे घेता येतं, पण ते ज्याच्या दारापर्यंत पोचलं, त्याचं दार पुन्हा पूर्वीसारखं उघडत नाही.