तीन ठिकाणी आभाळ

माझ्या नातीचं, रंजिताचं लग्न झालं ते वर्ष २०२२. लग्न मे महिन्यात झालं आणि ही गोष्ट त्याच वर्षीच्या सोयाबीन काढणीची. लग्नात मांडवाची वायर माझ्या पुतण्याने, बादलने जोडली होती. माझा धाकटा भाऊ हिरासिंग गेल्यापासून तांड्यातली विजेची कामं बादलच करायचा.

आमचा तांडा ढाणकीपासून पाच कोसांवर. तांड्याच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे आणि तिच्या मागे डीपी. दोन खांब, मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि सगळ्यात वर, तीन तारांसाठी, तीन लांब पाती. एका खांबाला छातीइतक्या उंचीवर लोखंडी हँडल. हँडल खाली ओढलं की उभा पाइप खाली येतो, वरचा आडवा दांडा फिरतो आणि तिन्ही पाती एकदम आपापल्या खाचेतून बाहेर पडतात. निदान पडायला हवीत.

धर्मपाल म्हणून जुना लाइनमन होता. आता रिटायर आहे. तो हिरासिंगला सांगायचा, "हँडलचं आयकू नको. हँडल खाली हाय, खरं काय ते वर हाय. पात्याच्या न् खाचेच्या मधात तीन ठिकाणी आभाळ दिसलं पायजे. दोनच दिसलं त घरी जाय, बायकोच्या हातचं खाय."

त्यावरून तांड्यात एक रीत पडली. चढणाऱ्याला पाती नीट दिसत नाहीत, तो त्यांच्या पोटाखाली असतो. म्हणून दुसऱ्याने लांब उभं राहून मोठ्याने मोजायचं. एक, दोन, तीन. हिरासिंग चढायचा आणि त्याची बायको लालीबाई मोजायची. "तीन" ऐकू आल्याशिवाय तो खांबावर पाय ठेवत नसे. वीस वर्षं त्याला साधा चटका बसला नाही.

मी साठीनंतर अक्षरं शिकलो. रंजिता नववीत होती, तिने शिकवलं. मग हौस आली. पहिलं काम काय केलं, तर हँडलमागे पत्र्याची पट्टी ठोकली आणि लाल रंगाने वर लिहिलं 'चालू', खाली लिहिलं 'बंद'. लोक येऊन वाचायचे. मला मास्तर म्हणायला लागले. मोजू नका असं कोणी कोणाला म्हटलं नाही. लिहिलेलं समोर होतं, मग मान कोण वर करतो?

त्या दिवशी सकाळी बादल आला. "काका, चाला डीपीवर. वरचा फ्यूज गेला, पाण्याची मोटर चालत नाही."

"लाइनमनले फोन केला?"

"केला. तो म्हणते, हात लावू नका, मी उद्या येतो. चौदा गावं हायेत त्याच्याकडं."

"मंग उद्या पाहू."

"टाकी दोन दिसांची कोरडी हाय. उद्यापर्यंत ढोरं काय पितील, तुमची शाई?"

मी हसलो आणि गेलो. बादलने कमरेला दोर बांधला. हँडल मी ओढलं. ते खटकन खाली आलं. गिरणीत मिणमिणणारा बल्ब विझला. हँडल 'बंद'वर होतं.

तेवढ्यात शेतावर भाकरी घेऊन निघालेली लालीबाई तिथून आली. मी तिचा जेठ. आमच्यात भावजय जेठाला तोंड दाखवत नाही, थेट बोलतही नाही. मला पाहताच तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि आडवी उभी राहून मुलाला म्हणाली, "बादल, इचार त्याइले, तीन मोजले का?"

बादल हसला. "याडी म्हणते, मोजले का, मास्तर?"

मी पट्टीवर बोट ठेवलं. "बंद. वाचून घे म्हणावं."

"तिले कुठं वाचता येते!"

"नाही येत," पदराआडून ती म्हणाली. "मोजता येते."

तिने पदर वर करून मोजायचं, तर मी तिथून हटायला हवं होतं. मी हटलो नाही. मी एकदा वर पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, यवतमाळला ऑपरेशनची तारीख दिवाळीनंतरची. वर नुसतं पांढरं दिसलं. तेही मी कोणाला सांगितलं नाही. जेठाने बंद म्हटलं म्हणून ती शेताच्या वाटेला लागली.

बादल चढला. वरून म्हणाला, "काका, संध्याकाळी च्या प्याले तुमच्याकडं येतो." मग मोठी फांदी मोडावी तसा आवाज झाला.

दोर होता म्हणून तो पडला नाही. मी हँडलला लटकलो. ते आधीच खाली होतं. त्याला आणखी खाली जायला जागा नव्हती. वर करावं, तर सुटलेली पाती पुन्हा बसतील. मला ना ओढता येईना, ना सोडता येईना. त्याच्या चपला खांबाच्या बुडाशी होत्या, त्यांच्याकडे पाहत मी हँडल धरून ओरडत राहिलो. गिरणीवाल्या उत्तमसिंगने सबस्टेशनला फोन केला. लाइन मागून बंद व्हायला अकरा मिनिटं लागली. तोवर सगळे गोळा झाले आणि सगळे खालीच उभे राहिले. लालीबाई वाटेतूनच पळत आली. पदर खांद्यावर पडला होता. ती माझ्याशी काही बोलली नाही. अजूनही बोलत नाही, पण आता ते रीत म्हणून नाही.

दुपारी धर्मपाल आला. लांब उभं राहून त्याने मान वर केली. "एक," तो म्हणाला. "दोन." पुढे बोलला नाही. तिसऱ्या पात्याला दांड्याशी धरून ठेवणारी कसणी झिजली होती. दांडा फिरला, पातं जागेवरच राहिलं. मी विचारलं, "मंग बल्ब कसा विझला?" तो म्हणाला, "एका तारेवर बल्ब लागत नाही, दादा. माणूस मरते."

पोलिसांनी विचारलं, हँडल कुठे होतं? मी म्हणालो, बंदवर. त्यांनी तसं लिहिलं. खाली मी सही केली. अंगठा नाही, सही.

तेराव्यानंतर मी दगड घेऊन पट्टी घासली. रंग निघाला, पण अक्षरांच्या जागेवर गंज चढला नव्हता. अजून वाचता येतं.

बादल हिरासिंग आडे, वय चौतीस, मंगळवार, ११ ऑक्टोबर २०२२ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास तांड्याच्या डीपीवर वारला.