कोरी अंगठी

मिठबावच्या माडांत मांडव घातला होता आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे पाटावर बसले होते रुपेरी बाबा, समोर काचेच्या वाडग्यात पिवळसर तीर्थ. रोग्याने बोटातली चांदीची अंगठी त्यात सोडायची, की बघता बघता ती डांबरासारखी काळी. तीर्थाला कुजक्या अंड्यांची घाण येई, पण ती म्हणे रोगाची.

"विकार रुप्यात उतरला, देह निर्मळ झाला," बाबा सूर लावून सांगत. "आता औषध घ्याल तर तीर्थाचा अपमान."

गुरुदास सोनार मागे मान खाली घालून उभा होता. अंगठ्या त्याच्याच दुकानातल्या. नक्षी उठून दिसावी म्हणून तो स्वतः गंधकाने चांदी काळी करी, म्हणजे बाबांची मेख त्याला पहिल्याच दिवशी कळली होती. पण गिऱ्हाईक वाढलं होतं, म्हणून महिनाभर मूग गिळून बसला. काल आंब्याच्या बागेत मजुरी करणारी सावित्री दुकानात आली. तिच्या पोरीची, अक्षयाची, अंगठी काळी झाली म्हणून तिने पोरीच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या होत्या, आणि पोर फिट येऊन चुलीवर पडली होती.

"बाबा म्हणतत, रोग अजून उरलो आसा. आणखी एक अंगठी दिया," ती म्हणाली होती.

आणि या माणसाने ती दिली. लाज कशी वाटली नाही, हे आज तो स्वतःलाच विचारत होता.

सावित्री पुढे सरकली. अक्षयाचा उजवा हात पट्टीत होता. पोरीने अंगठी काढायला डावा हात पुढे केला, तसा गुरुदास गर्दी रेटत पुढे आला.

"थांब गो. आधी ही बुडवूया." त्याने पुडीतली कोरी अंगठी काढली. "ही अजून कोणाच्या बोटात गेलेली नाय."

अंगठी तीर्थात पडली आणि काळी झाली.

"हिका खंयचो रोग झालो, बाबा?"

"तुझ्या दुकानालाच बाधा आहे," बाबा गुरगुरले.

"बाधा माका आसा. लोभाची," गुरुदास म्हणाला, आणि लोकांकडे वळला. "चुन्याबरोबर गंधक उकळला की असा पाणी होता. त्यातलो गंधक चांदीक धरता आणि दोघांची मिळून तिसरीच काळी वस्तू तयार होता. चांदीची चकाकी नाय, गंधकाचो पिवळो रंग नाय. रोगाचो काय संबंध?"

सावित्री सावकाश म्हणाली, "आंब्याच्या मोहरार गंधक मारूक जातंय, तेव्हा माझे पैंजण असेच काळे पडतत."

"माझ्या बायलेचेय," मागून बाबली बागायतदार म्हणाला. मांडवात कुजबुज वाढली. बाबांनी वाडगा उचलला आणि ते चपला शोधायला लागले.

सावित्री मात्र गुरुदासकडेच बघत होती. "काल अंगठी दिलात, तेव्हा पण तुमका म्हायत होता?"

"होता."

तिने पोरीच्या बोटातली अंगठी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि अक्षयाला घेऊन सरळ दवाखान्याची वाट धरली.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हात बरा झाला. व्रण मात्र राहिला, आणि सावित्री त्या दुकानाची पायरी चढत नाही. म्हणून सांगतो मंडळी, चमत्कार दिसला की आधी एखादी कोरी वस्तू बुडवून बघा, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही गोळी सोडू नका. आणि ज्याला कारण ठाऊक आहे त्याने पहिल्याच दिवशी बोलावं. गुरुदास महिन्याने बोलला, तोवर पोर चुलीवर पडून भाजली होती.