पाटात बसलेली वहिनी

वहिनी पाटात बसली ती बसलीच. अंगावर दवाखान्यात जायचे चांगले कपडे, पायात बूट, छातीशी एक्स-रेची पिशवी धरलेली आणि कमरेपर्यंत पाणी.

"पाटकरी," ती मला म्हणाली, "आता न्या पाणी कुठं न्यायचंय तिकडं. माझ्या अंगावरून न्या."

पाटकरी म्हणजे मी. सत्तावीस वर्षं या पाटाचं पाणी वाटतोय. कुणाच्या शेताला कधी, किती वेळ, हे मी ठरवतो, आणि त्यापायी निम्म्या गावाच्या शिव्या खातो. पाण्यावरून डोकी फुटलेली पाहिलीत, सोयरिकी मोडलेल्या पाहिल्यात. पण सदुसष्ट वर्षांची बाई पाटाला बूच होऊन बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो.

पलीकडच्या काठावर तिचा धाकटा दीर उभा. गाव त्याला धाकटाच म्हणतं, केस पिकले तरी. त्याच्या हातात फावडं, आणि तोंड असं की समोर परकी बाई असती तर त्यानं ते वापरलंही असतं.

"वहिनी, उठा. काय तमाशा लावलाय?"

"तमाशा तुम्ही लावलात, भावजी. मी नुसती बसले."

आता हे झालं कसं ते सांगतो. माझी बाजू मांडणार नाही, कारण मला बाजूच नव्हती.

वहिनीचा नवरा, ज्याला सगळं गाव भाऊ म्हणतं, ऐन तिशीत परदेशात गेला आणि तिथं बस चालवायला लागला. दोन वर्षांनी वहिनी गेली. तिनं तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात चादरी धुतल्या, इस्त्र्या केल्या. चौतीस वर्षं काढली दोघांनी. पोरगा तिथंच शिकला, तिथंच लग्न करून बसला. आणि गेल्या वर्षी, नोकऱ्या संपल्यावर, हे दोघं अकरा खोकी घेऊन गावात हजर. राहायला आलोय म्हणाले.

गाव हसलं. थंडी सोसायची नाही, चार महिन्यांत जातील, असं न्हावी म्हणाला. थंडी गेली, ते राहिले. मग गाव म्हणालं, ऊन लागू दे, मग बघू. मीही म्हणालो. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं, खाली उतरली की दोन दिवसांत पाय भाजतात, हे माझंच वाक्य, आणि ते चहाच्या टपरीवर बरंच चाललं.

त्यांची सगळी जमीन इतकी वर्षं धाकटा कसत होता. यांनी आल्यावर पाटाकडचा एकरभर तुकडा तेवढा मागितला. त्यानं दिला, पण दात उपटून द्यावा तसा दिला. वहिनीनं त्यात लिंबोणीची एकशेवीस रोपं लावली. खड्डे तिनं मोजून घेतले, एका ओळीत, चादरीच्या घड्या घालाव्यात तसे. सकाळ-संध्याकाळ बादल्या वाहिल्या, पण बादलीनं जीव जगतो, झाड वाढत नाही. उन्हाळा चढला तशा जमिनीला भेगा पडल्या, पानं खाली वळायला लागली. रोपांना पाटाचं पाणी हवं होतं, आणि लगेच हवं होतं.

भाऊचं मन काही या मातीत नव्हतं. गुडघे गेलेले, जिना चढताना डोळ्यांत पाणी. पोरगा फोन करकरून म्हणायचा, बाबा, पुरे झालं, या परत. शेवटी नवरा-बायकोत एवढं ठरलं की एक उन्हाळा बघायचा. रोपं धरली तर राहायचं, जळाली तर खोकी बांधायची. भाऊनं हे न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगितलं, म्हणजे सगळ्या गावाला सांगितलं. धाकट्यालाही कळलं.

त्यांच्या पाण्याचा नंबर शनिवारी होता. पण वरून पाणी दोन दिवस आधी सुटलं, सगळे नंबर पुढं सरकले आणि त्यांचा गुरुवारी आला, नऊ ते एक. असं झालं की आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन सांगायचं, हे माझं काम. मी पाच घरं फिरलो. पाय दुखायला लागले. धाकट्याच्या दारात चहा घेतला आणि त्याला म्हणालो, दादाच्या घरी तेवढं सांगून टाक. तो म्हणाला, सांगतो की.

गुरुवारी नऊला दारावर, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायला मातीनं बुजवलेलं तोंड असतं तिथं, कुणी नाही. आमच्याकडं नियम साधा आहे. नंबराला जो दारावर उभा, त्याला पाणी. तो नसला तर पाणी खालच्या शेताला. खालचं शेत धाकट्याचं. तरी मी त्यांच्या घरापर्यंत जाऊन आलो. दाराला कुलूप.

हे कुलूप प्रकरण समजून घ्या. आमच्या गावात दिवसा कुणी कुलूप लावत नाही. कडी लावतात, फार तर दोरी अडकवतात. कुलूप दिसलं म्हणजे माणसं महिनोन्‌महिने गेली. पण या दोघांना तिकडची सवय. दुकानात मीठ आणायला गेले तरी कुलूप. दहा वेळा सांगून झालं, वहिनी, लोक वेगळा अर्थ काढतात. ती म्हणायची, काढू देत, हात मोकळेच असतात त्यांचे.

धाकटा मागोमाग आला. कुलपाकडं बघून म्हणाला, "गेले वाटतं. मी म्हणालोच होतो. सोड पाणी माझ्याकडं."

आणि मी सोडलं. पण खरं सांगतो, अंगणातल्या दोरीवर कपडे होते. ओले, ठिबकत होते. ओले कपडे दोरीवर टाकून विमानात कोण बसतं? मी ते पाहिले, धाकट्यानंही पाहिले, आणि आम्ही दोघं काही न बोलता पाटाकडं चालायला लागलो. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते हे. नऊ ते साडेअकरा मी त्यांच्या रोपांकडं बघायचं टाळत होतो, कारण मला लाज वाटत होती.

ते दोघं तालुक्याला भाऊचे गुडघे दाखवायला गेले होते. साडेअकराच्या बसनं उतरले. वहिनीनं रस्त्यावरूनच पाहिलं, भरलेला पाट, कोरडी रोपं, आणि पाणी खाली धाकट्याच्या उसात. ती धावली नाही. सरळ चालत आली, मला म्हणाली, "आज आमचा नंबर होता?"

"होता," मी म्हणालो. "पण तुम्ही दारावर नव्हता."

"मला सांगितलं कुणी?"

मी धाकट्याकडं बघितलं, त्यानं आभाळाकडं. तेवढ्यावरून ती समजली. दार जिथं बुजवलेलं होतं त्याच्या बरोबर खाली ती पाटात उतरली आणि बसली. पाट अरुंद, बाई धडधाकट. पाणी अडलं, तुंबलं, काठाला लागलं.

तर तिथवर सांगून झालं होतं.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "नियम म्हणजे नियम. तीस वर्षं थंडीवाऱ्यात या पाण्यात पाय घालून मी उभा राहिलोय. बापाला मी सांभाळलं. आईला खांदा मी दिला. तेव्हा तुम्ही कुठं होता? आता आयत्या बिळावर नागोबा व्हायला आलात."

हे खोटं नव्हतं. वहिनीलाही ते लागलं, तिचं तोंड एवढंसं झालं.

"आईच्या वेळी आलो नाही, ते मरेपर्यंत सलेल मला," ती म्हणाली. "पण उभं राहायचं मला सांगू नका. रोज अकरा तास उभी राहिले मी, वाफेत. तुमच्या डोक्यावरचं छप्पर त्याच उभं राहण्यातून आलंय. बोलणार नव्हते. तुम्ही बोलायला लावलंत."

धाकट्यानं तिच्याकडं पाठ फिरवली. मग त्यानं भाऊला गाठलं. भाऊ काठावर छत्री टेकून उभा होता, दोघांकडं आळीपाळीनं बघत.

"दादा, उठव तिला. तुझं घर तिकडं आहे, पोरगा तिकडं आहे. इथं तू पाहुणा. पाहुण्यासारखा राहा, मान मिळेल."

भाऊ जन्माचा मवाळ. बसमध्ये शिव्या खाऊन घरी येऊन गप्प जेवणारा, असं वहिनीच सांगायची. मला वाटलं, आता हा तिला उठवणार. त्यानं छत्री खाली ठेवली.

"तिथंही मला पाहुणाच म्हणायचे," तो म्हणाला. "चौतीस वर्षं. चांगला आहे म्हणायचे, पण पाहुणा. तिथं पाहुणा, इथं पाहुणा. मग मी राहायचं कुठं रे? विमानात?"

भाऊनं बूट काढले, मोजे काढून बुटात नीट घातले. काठावर बसून, एकेक पाय हातानं उचलून त्यानं खाली सोडला. मग माझ्यापुढं हात केला. "फावडं दे."

"पाटकरी, देऊ नको," धाकटा म्हणाला. "सांगून ठेवतो, देऊ नको. तो दारावर नव्हता."

"कपडे ओले होते, धाकट्या," मी म्हणालो. "तू पाहिलेस आणि मीही पाहिले."

मी माझं फावडं दिलं. पहिला घाव दगडावर बसला. दुसरा हुकला. तिसऱ्याला माती सुटली आणि तुंबलेलं पाणी एकदम आत घुसलं, भाऊ घसरून दाराच्या कडेलाच बसला. चिखलानं भरला, पण फावडं सोडलं नाही. पाणी पहिल्या ओळीला गेलं, भेगांतून आत मुरलं, मग दुसऱ्या ओळीला. तापलेल्या मातीचा वास आला.

"वहिनी, या आता वर," मी म्हणालो. "दार फुटलंय, मी खाली बांध घालतो."

"घाला," ती म्हणाली. "पण एक वाजेपर्यंत मी इथंच आहे. तुमच्या बांधाचा मला भरवसा नाही."

ऐकून घ्यावं लागलं. मी बांध घातला, ती बांधाला पाठ लावून बसली. धाकट्याला जाता येईना, कारण एकनंतर नंबर त्याचा, आणि दारावर नसला तर गेला. उन्हात तासभर उभा राहिला बिचारा, आपल्याच नियमात अडकून. शेवटच्या दोन ओळी राहिल्या तेवढ्यात एक वाजला. भाऊ अजून दोन मिनिटं मागेल असं वाटलं, पण वहिनीच म्हणाली, "बुजवा दार. त्या दोन ओळींना बादल्या घालीन." आणि दिराला म्हणाली, "घ्या भावजी. तुमचं पाणी."

तिला उठता येईना, पाय बधिर झालेले. एका बाजूनं मी धरलं. दुसऱ्या बाजूनं धाकट्यानं धरलं. वर काढल्याबरोबर हात सोडून तो पाण्यामागं निघून गेला.

तेवढ्यात भाऊच्या खिशात फोन वाजला. पोराचा. गुडघ्यांचं काय म्हणाले डॉक्टर, हे विचारायला. भाऊला ऐकायला कमी येतं म्हणून त्याचा फोन सगळ्या शिवाराला ऐकू येतो.

"गुडघे आहेत तसेच आहेत," भाऊ म्हणाला. "शेतात आहे मी. पाणी देत होतो."

"बाबा, पुरे आता. कधी येताय ते सांगा, तिकिटं काढतो."

भाऊनं ओल्या ओळींकडं बघितलं. मग मला विचारलं, "आता पुढचा नंबर कधी?"

"पंधरा दिवसांनी," मी म्हणालो.

"पंधरा दिवसांनी आपल्या पाण्याचा नंबर आहे," भाऊनं फोनमध्ये सांगितलं. "मग त्याच्यापुढं पंधरा दिवसांनी. मग परत पंधरा दिवसांनी."

"ते कळलं, बाबा. पण तुम्ही येणार कधी?"

"तेच तर सांगतोय," भाऊ म्हणाला.