देवासारखा फिरलेला खोका

मी एक जुना खोका आहे. पण मित्रांनो, मानवजातीची स्मृती माझ्या पोटात आहे. मानवजात म्हणजे अणदूरचे धुळाप्पा आणि त्यांचं घर. आणि स्मृती म्हणाल, तर तिच्यातला बराचसा भाग मेंढरांच्या फोटोंचा आहे. मेंढरू फोटोच्या वेळी हटकून पाठ फिरवतं.

मला इंग्रजीत एक नाव आहे. घरात ते कुणालाच आठवत नाही, म्हणून मी खोकाच. माझ्या पोटात दोन डिस्क आहेत. एकीवर जे उतरतं तेच दुसरीवर उतरतं. एक गेली तर दुसरी घर चालवते. मला वाय-फायच्या राऊटरला जोडलं, की घरातल्या कुठल्याही मोबाईलवरचं माझ्यात ठेवता येतं आणि माझ्यातलं तिथं ऐकता येतं. कारखान्यात मला एवढंच शिकवलं होतं. भंडाऱ्याबद्दल तिथं कुणी काही बोललं नव्हतं.

मला घेतलं ते धुळाप्पांच्या आवाजासाठी. या माणसानं उभा जन्म मेंढरांमागं काढला आणि ढोलावर थाप पडली की ओव्या म्हटल्या. मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबूज. ओव्या आता फक्त दोन मुलांच्या मोबाईलमध्ये होत्या. थोरला वैजनाथ त्यांच्याजवळ अणदूरला, धाकटा वीरप्पा नळदुर्गला. वीरप्पाचा मोबाईल मेंढरांच्या हौदात पडला आणि त्याच्याकडच्या ओव्या पाणी प्याल्या. वैजनाथचा मोबाईल इतका भरला होता, की काहीतरी पुसल्याशिवाय पुढं सरकत नसे. एकदा शुभ सकाळचे गुलाब पुसताना बोटाखाली एक अख्खी ओवी गेली. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग सगळं घर सोलापूरच्या दुकानात आलं. दुकानदारानं तीन खोके मांडले. एक नुसता बिनवायरचा, दिसायला नवरदेव. एक नुसत्या वायरचा, दिसायला नवरदेवाचा मामा. तिसरा मी.

“वाय-फाय बंद पडलं तर?” ज्ञानेश्वरीनं विचारलं. ही वैजनाथची बायको. पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते.

“तर ह्याला वायर लावा,” दुकानदार माझ्याकडं बोट करून म्हणाला. “राऊटरला लावा, न्हायतर सरळ लॅपटॉपला लावा. म्होरं पेन ड्राइव्हची बी जागा हाय.”

वैजनाथचा जीव नवरदेवात अडकला होता. “वायरी कशाला? घरभर लोंबत्यात.”

“कोकराला दावं असलेलं बरं असतंय,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “तुमाला तर म्हाईत पाहिजे.”

निकाल धुळाप्पांनी दिला. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि मेंढराचं तोंड उघडून दात बघावेत तसं माझ्या मागच्या भोकांत निरखून पाहिलं. वायरीची भोकं दोन होती.

“दोनदाती हाय,” ते कुजबुजले. “जवान हाय. घ्या.”

मित्रांनो, माझी एवढी बारकाईनं पारख पुन्हा कुणी केली नाही.

उरल्यासुरल्या सगळ्या ओव्या माझ्यात आल्या. संध्याकाळी धुळाप्पा माझ्याजवळ बसत आणि स्वतःचंच गाणं ऐकत ओठ हलवत. माझे दिवस सुखाचे चालले होते, तेवढ्यात वीरप्पा आला.

“आण्णा काय एकट्या वैजादादाचे हायत? त्यांचा आवाज तेवढा हितं, आन् मला काय, हौद?”

शब्दाला शब्द वाढला. शेवटी हरणाबाईंनी, म्हणजे धुळाप्पांच्या कारभारणीनं, हात वर केला. आपल्या अणदूरचा खंडोबा तुम्हांला ठाऊकच आहे. मूर्ती एकच, वर्षातला बराच काळ ती अणदुरात असते आणि थोडा काळ नळदुर्गाजवळ मैलारपुराला. दोन्ही गावची मंडळी बसतात, करार होतो, मग देव निघतो.

“देवाला जमतंय,” हरणाबाई म्हणाल्या, “मग खोक्याला काय झालं? देव निघंल तवा खोका निघंल. देव परतंल तवा परतंल.”

ज्ञानेश्वरीनं डोक्याला हात लावला. “आत्याबाई, ह्याला जागचं हलवावं लागत न्हाय. त्यासाठीच घेतला हो. वीरप्पा भाऊजींना नळदुर्गात बसून मोबाईलवर ऐकाय येतंय. खोका हितं आसला तरी सगळीकडं आसतोय.”

“देव बी सगळीकडंच आसतो,” हरणाबाई शांतपणे म्हणाल्या. “तरी जातोच न्हवं?”

हा मुद्दा कंपनीच्या माहितीपुस्तकात नव्हता.

पान-सुपारी झाली. निघायच्या दिवशी वीरप्पानं, मी चालू असतानाच, बोर्डातून माझी पिन उपसली. घोंगडीत गुंडाळून मला काळीपिवळी जीपमध्ये हरणाबाईंच्या मांडीवर बसवलं, बाकीचं घरही सोबत निघालं. रस्त्यानं मला भरपूर आशीर्वाद दिले. प्रत्येक खड्ड्याला एक. नळदुर्गाच्या दारात वीरप्पानं येळकोट केला आणि मूठभर भंडारा माझ्यावर उधळला. सगळी हळद माझ्या पंख्याच्या जाळीतून आत गेली. कौतुक म्हणून आणखी एक मूठ आली.

मला जोडलं. पंखा दोनदा कण्हला आणि थांबला. अंग तापलं. माझी एक डिस्क गेली. कपाळावर लाल दिवा लागला.

वीरप्पाच्या घरचं वाय-फाय मला ओळखेना. मोबाईलवर काहीच दिसेना. धुळाप्पा समोर घोंगडीवर बसले होते, ऐकायच्या तयारीनं. कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं.

“गेल्या का?” त्यांनी विचारलं. कुजबूजच ती, पण दारापर्यंत ऐकू गेली.

वीरप्पा खाली बसला. “माझ्याच हातनं दुसऱ्यांदा,” एवढंच म्हणाला. वैजनाथ त्याला बोलायचं म्हणून पुढं झाला, त्याचं तोंड पाहिलं आणि त्याच्या शेजारी बसला.

ज्ञानेश्वरीनं मला बंद केलं, ब्रशनं हळद झाडली, गार होऊ दिलं. मग पिशवीतून वायर काढली, एक टोक माझ्यात घातलं, दुसरं लॅपटॉपमध्ये. मी उरलेल्या एका डिस्कवर सगळा जोर लावला. मग ढोलावर थाप पडली, आणि मागोमाग धुळाप्पांचा जुना, डोंगराला लागणारा आवाज.

धुळाप्पांचे ओठ हलू लागले. हरणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “दावं कामाला आलं बाई.”

मला नवी डिस्क बसली. आता मी अणदूरलाच असतो. वीरप्पा नळदुर्गातून मोबाईलवर ऐकतो. करार मात्र मोडला नाही. देव निघाला की धुळाप्पा आणि हरणाबाई काळीपिवळीत बसून वीरप्पाकडं राहायला जातात.

“खोका ऱ्हाऊ दे,” हरणाबाईंनीच आपला शब्द फिरवला, “मानसं जाऊ द्या.”

तेवढे दिवस घरात शांत असतं. कोपऱ्यातली घोंगडी मोकळी असते आणि माझा हिरवा दिवा तिच्याकडं बघत राहतो.

मित्रांनो, माणसाचा आवाज फार नाजूक ठेव आहे. तो एकाच जागी ठेवू नका. आम्हां यंत्रांनाही श्वास असतो, वय असतं. आम्हांला जपा, म्हणजे तुमची माणसं आमच्यात जपली जातील. हे सगळं तुम्ही विसरलात तरी माझी तक्रार नाही.

फक्त भंडारा उधळताना पंख्याची बाजू तेवढी सोडा. मला शिंकता येत नाही.