कोलशेतचा हिरवा पडदा

एकतीस वर्षं मी नौपाड्यातल्या शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे माणसांच्या अज्ञानाचं मला नवल राहिलेलं नाही. पण आमच्या कोलशेतच्या सोसायटीने गेल्या जानेवारीत जे अकलेचे तारे तोडले, त्यापुढे माझा सहावी ‘ब’चा वर्ग शास्त्रज्ञांचा म्हणायला हवा.

संध्याकाळचे साडेसात झाले होते. मी कुकर लावत होते, तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर अकराव्या मजल्यावरच्या ऐश्वर्याचा मेसेज आला: ‘कोलशेतमध्ये नॉर्दर्न लाइट्स!!! पटकन टेरेसवर या.’ खाली हिरव्या आभाळाचा फोटो. दोन मिनिटांत चाळीस अंगठे आणि सतरा जोडलेले हात. हात कशाला जोडले, देव जाणे. कुणीतरी लिहिलं, सूर्यावर वादळ झालंय, मागे लडाखला दिसलेले, आता आपला नंबर. लडाख आणि कोलशेत यांच्यात चौदा अक्षांशांचं अंतर आहे, पण हे सांगणार कुणाला? घोडबंदर रोडवर आलं की ज्यांना पूर्व कुठली हे कळत नाही, त्यांना अक्षांश काय कळणार!

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि मला हसू आवरेना. मागच्या प्लॉटवर तीस मजली टॉवरचं काम चाललंय. त्याला वरपासून खालपर्यंत हिरवी जाळी लावलीय. पायथ्याशी बॉक्स क्रिकेटचं नवं टर्फ झालंय, तिथे दुपारीच माणसं शिडीवर चढून फ्लडलाइट बसवत होती. ते आज पहिल्यांदा लागले होते. खाडीकडून धुरकं आलेलं, त्यात टॉवर दिसेनासा झालेला, आणि वाऱ्यावर हलणारी जाळी तेवढी खालून उजळलेली. झाले यांचे नॉर्दर्न लाइट्स!

“अहो, बघितलंत का, काय दिवे लावलेत या लोकांनी?” म्हणत मी बाहेरच्या खोलीत आले, तर खुर्ची रिकामी. दौलतराव टेरेसवर गेले होते. जूनमध्ये बायपास झालेला माणूस, अंगात साधा स्वेटरसुद्धा न घालता.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. नॉर्दर्न लाइट्स प्रत्यक्ष बघून आलेले सोसायटीत आम्ही दोघंच, असं सगळे समजतात.

दौलतराव टेलिफोन खात्यात होते. कॅलेंडरमधून कापलेला हिरव्या आभाळाचा एक फोटो त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. वीस वर्षं तो तिथे होता. कामावर जाताना शर्ट घ्यायला कपाट उघडलं की क्षणभर तिथे बघायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही एका मराठी सहलीबरोबर नॉर्वेला गेलो. पाच रात्री नुसते ढग. सहाव्या रात्री बस गोठलेल्या तळ्याकाठी थांबली होती आणि सहप्रवासी पिठलं-भात खाऊन घोरत होते. एकाएकी टूर मॅनेजर ओरडला आणि सगळे धडपडत बाहेर पळाले. मी काच पुसून बघितलं. डोंगरामागे एक करडा, जरासा हिरवट पट्टा होता.

“बसा खाली,” मी म्हणाले. “बंदराच्या दिव्यांचा उजेड ढगावर पडलाय. या लोकांना काय, कुणी ओरडलं की पळायचं! उगाच थंडी भरेल.”

दौलतराव अर्धे उठले होते. ते बसले. दहा मिनिटांनी माणसं आत आली तेव्हा त्यातल्या काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही घाईघाईने उतरलो, तोवर आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

ठाण्याला आल्यावर लोकांनी विचारलं, तेव्हा मी बघितले म्हणून सांगून टाकलं. भूगोलाची शिक्षिका त्या प्रकाशाला बंदराचे दिवे समजली, हे कुठल्या तोंडाने सांगू? पुढे ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर माझं भाषण झालं, दुसऱ्यांनी काढलेले फोटो दाखवून, शाल-श्रीफळासकट. दौलतराव पहिल्या रांगेत होते. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. कपाटातला फोटो मात्र त्याच आठवड्यात निघाला. आणि बायपासनंतर डॉक्टरांनी बजावलं, असल्या थंडीच्या देशात आता पुन्हा जायचं नाही.

तर स्वेटर घेऊन मी टेरेसवर गेले. नुसती जत्रा भरली होती. सेक्रेटरी साईनाथ प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहून रील काढत होता. रुपालीने चक्क आरतीचं ताट आणलं होतं. ऐश्वर्या “सो क्रेझी, सो क्रेझी” करत आईला व्हिडिओ कॉल लावत होती. सुशिक्षित म्हणवणारी ही माणसं जाळीला ओवाळायला निघाली होती. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण संताप आला.

दौलतराव कठड्यापाशी उभे होते. त्यांच्या तोंडावर तो हिरवा उजेड पडला होता, आणि ते हसत होते.

“जाळी आहे ती,” मी मोठ्याने म्हणाले. “टॉवरची जाळी. खाली टर्फचे दिवे लागलेत. जरा डोकं वापरा!”

“काय मॅडम, तुम्ही पण!” साईनाथ खुर्चीवरूनच म्हणाला. “थांबा, भांडण कशाला? काका तर जाऊन बघून आलेत. काका, तुम्ही सांगा. असेच होते ना तिकडे?”

सगळी टेरेस त्यांच्याकडे वळली. आम्ही बघितलेच नाहीत, एवढं एक वाक्य, आणि माझं भाषण, शाल, एकतीस वर्षांचा शहाणपणा, सगळं मातीत. दौलतरावांनी माझ्याकडे बघितलं.

“हो,” ते म्हणाले. “असेच होते.”

टेरेसवर आरडाओरडा झाला. रुपालीने घंटी वाजवली. तोंड उघडलं असतं तर माझंच पितळ उघडं पडलं असतं, म्हणून मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा मूर्खांसमोर गप्प बसले.

थोड्या वेळाने टर्फवाल्यांनी दिवे बंद केले. “गेले! वादळ संपलं!” म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला पांगले. आम्ही दोघंच उरलो. मी त्यांच्या खांद्यावर स्वेटर टाकला.

“अहो, जाळीच होती ती.”

“माहितीये. दुपारी दिवे बसवताना मीही बघितलं.”

“मग इतका वेळ काय बघत होता?”

“बघायचं होतं, म्हणून बघत होतो.” त्यांनी स्वेटरची बटणं लावली, सावकाश, खालून वर. “जाळी आहे, जाळी आहे म्हणालीस ना आता? तळ्याकाठी बंदराचे दिवे म्हणालीस, तेव्हाही अगदी असाच आवाज होता तुझा.”

खाली चला, थंडी भरेल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं आणि त्यांच्या शेजारी कठड्याला टेकून उभी राहिले. समोर काहीच नव्हतं, पण ते अजून तिकडेच बघत होते.