समोरच्यांकडे असेल

मी स्कॅनची मशीन बोलतेय. माणूस माझ्या फळीवर आडवा होतो, मी त्याला कड्यातून आत घेते आणि कवटीच्या आतलं सगळं दाखवते. सांगताना मान खाली जाते, पण मला कुणा आजाऱ्यासाठी आणलं नव्हतं. समोरच्या दवाखान्यात माझ्यासारखी एक आली, म्हणून आमच्या डॉक्टरांची झोप उडाली.

रस्ता एवढा अरुंद, की समोरच्या फलकावर नवी ओळ आली की डॉक्टर खिडकीतूनच वाचत. त्यांनी भिंतींना नवा रंग दिला, आम्हीही दिला. त्यांनी मासे पाळले, आम्ही त्याहून मोठे पाळले. "दोन दारं असली की दोघंही नीट वागतात, फायदा पेशंटचाच," असं डॉक्टर पाहुण्यांना सांगत. ऐकून मीही फुशारले होते.

मला जागा हवी होती, म्हणून तळमजल्यावरची बाळंतपणाची खोली मोडली. तिथे माणसं जास्त लागत आणि हाती फार काही उरत नसे.

"मग अडलेल्या बाईनं जायचं कुठे?" थोरल्या सिस्टरांनी विचारलं.

"समोर आहे की त्यांची!" डॉक्टर म्हणाले.

पलीकडे जाऊन विचारायला कुणी गेलं नाही. समोरच्यांना काही विचारणं म्हणजे कमीपणा. त्याच महिन्यात त्यांनीही आपली खोली मोडली, आणि त्यांच्याही तोंडी हेच होतं.

एका दुपारी कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको कळा सोसत आली. दिवस भरायला अजून अवकाश होता. सासू घामाघूम झाली होती.

"तिकडचे म्हणतात इकडे जा, तुम्ही म्हणता तिकडे जा. पोरीला काय रस्त्यावर निजवू?"

थोरल्या सिस्टरांनी कुणाला विचारलं नाही. त्यांनी तिला माझ्या फळीवर घेतलं. माझी खोली थंडगार, कारण मला उष्मा सोसत नाही. बाळ आलं ते ओंजळीत मावेल एवढं.

"ऊब द्यायची पेटी आण, पळ!" सिस्टर ओरडल्या.

"ती विकली, सिस्टर," मला चालवणारा म्हणाला. "ही मशीन आली तेव्हाच."

सिस्टर बाळाला पोटाशी धरून बाहेर उन्हात धावल्या. एकदा बारीक रडणं ऐकू आलं. मी दुसऱ्या रडण्याची वाट पाहत राहिले. ते आलं नाही. मला लाज वाटली, आणि ती काही केल्या जात नाही.

दुसऱ्या दिवशी फळी पुसून काम सुरू झालं.

तीन महिन्यांनी तीच बाई डोकं दुखतं म्हणून आली. झोप नाही, जेवण नाही. तिला काय झालंय हे रस्त्यावरच्या कुणीही सांगितलं असतं. पण डॉक्टर म्हणाले, "स्कॅन करून टाकू, नाहीतर ही समोर जाऊन करेल."

"हलू नका हं," मला चालवणारा म्हणाला. ती हलली नाही. नुसता तळहात फळीवरून फिरवत राहिली.

तुमच्याकडेही समोरासमोर दोन दवाखाने असतील. त्यांच्या मशिनी बघून हुरळू नका. कुठली खोली बंद केली, ते आत जाऊन विचारा. 'समोर आहे' म्हणाले, तर रस्ता ओलांडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आणि बाई, तुझ्या अहवालात मी 'दोष आढळला नाही' असं दाखवलं. ते तुझ्यापुरतं खरं आहे. माझ्यापुरतं नाही.