सात नंबरच्या कपबशा

"सात! पुन्हा सात!"

आमच्या शिलाईच्या कारखान्यात एकच गिल्ला झाला. मशिनी थांबल्या. इस्त्रीवाला इस्त्री शर्टावर तशीच ठेवून धावला, त्या शर्टाचं पुढे काय झालं ते विचारू नका. कापायच्या टेबलावर दोन फासे पडले होते आणि ग्रहमहाराज डोळे फिरवत उभे होते.

चहाच्या कपबशा कोणी विसळायच्या, हे आमच्याकडे फाशांवर ठरायचं. आम्ही कारागीर अकरा, दोनपासून बारापर्यंत प्रत्येकाला एकेक नंबर. दोन फासे टाकायचे, बेरजेचा नंबर ज्याचा, तो नळावर. पद्धत मालकांची, आणि तिच्या न्यायीपणाचा त्यांना कोण अभिमान! पण सात नंबरचा कॉलरवाला बिचारा सारखा नळावर, आणि बारा नंबरच्या, मालकांच्या काजं करणाऱ्या मुलीचा हात साबणाला क्वचितच लागायचा. या दोघांचं लग्न ठरलं होतं.

ग्रह सांगत फिरणारे हे महाराज कफनी शिवून घ्यायला आले आणि त्यांनी हे हेरलं.

"सातावर वक्रदृष्टी! बारावर कृपा! कृपेनं वक्रदृष्टीच्या घरी नांदायचं?"

मधेच पाच आला, तर म्हणाले, "ग्रह जांभई देतोय." नऊ आला, तर ग्रह लाजला. उतारा म्हणून तीन रेशमी कफन्या, अर्थात फुकट, आणि हे लग्न रद्द. मालक तयारही झाले! मुलगी रडून लाल झाली. कॉलरवाला खाली मान घालून कॉलरी उलट्या लावत सुटला. मला इतका संताप आला की माझी कात्री वाकडी चालली.

तेवढ्यात माझी थोरली बहीण कोट न्यायला आली. ती शाळेत गणित शिकवते. सगळा प्रकार ऐकल्यावर तिनं माझा खडू उचलला आणि एक फासा निळा केला.

"बारा कसा येतो गं?" तिनं मुलीला विचारलं.

"दोन्हींवर सहा."

"आणखी कसा?"

"दुसरा कसाच नाही."

"आणि सात?"

सगळेच ओरडायला लागले. "निळ्यावर एक, पांढऱ्यावर सहा!" "दोन-पाच!" "तीन-चार!" "अहो, उलटही! चार-तीन!" "पाच-दोन!" "सहा-एक!"

"म्हणजे सहा तऱ्हा. एकूण जोड्या छत्तीस. सहा साताच्या, बाराची एकच. याला कपबशा ग्रहानं नाही, बेरजेनं घासायला लावल्या."

"हे आकडे नास्तिक आहेत!" महाराज गरजले.

"मग सात नंबर तुम्ही घ्या. तुमच्यावर तर कृपा आहे."

पहिला आठ आला. महाराज हसले. दुसरा दहा. महाराजांनी मिशी कुरवाळली. तिसरा सात आला, आणि महाराजांना एकदम कुठलंसं प्रवचन आठवलं. एका बाहीची कफनी मागेच राहिली. तिनं आम्ही मशिनी पुसतो.

मालक वरमले. "उद्यापासून अकरा चिठ्ठ्या. सगळ्यांना सारखी संधी!"

दुसऱ्या दिवशी पहिलीच चिठ्ठी निघाली कॉलरवाल्याची. मालकांचा चेहरा पडला.

मुलगी खो खो हसत सुटली. "अप्पा, अकरातली एक कोणाची तरी निघणारच ना! एवढ्यावर जावई बदलणार?"

आणि ती स्वतःच कपबशांचा ट्रे उचलून त्याच्याबरोबर नळावर गेली.

मंडळी, कोणी फासे टाकून तुमचं नशीब सांगायला लागला, की हात जोडू नका. त्याच हातांच्या बोटांवर आधी मोजा.